लहान ट्रॅक्टर आणि गवत कापण्याचें यंत्र

लहान ट्रॅक्टर घ्यावा किंवा कसें, आणि घ्यावयाचा तर कोणता, हा प्रश्न बागाईतदारांच्या बैठकींत अलीकडे वारंवार निघतो. त्याचें उत्तर बहुधा अश्वशक्तीच्या आकड्यापासून सुरू होतें आणि बँकेच्या हप्त्यापाशीं संपतें. ट्रॅक्टरच्या मागें कोणतें अवजार लागणार, आणि त्या अवजारानें करावयाचें काम आपल्या बागेंत किती तासांचें आहे, याचा विचार दुकानाच्या पायऱ्या उतरल्यावर होतो. आमच्या मतें हा क्रम उलटा आहे. गवत कापण्याचें यंत्र आधीं ठरवावें, तें चालवूं शकेल असा ट्रॅक्टर मागाहून पहावा, आणि हिशेब जुळत नसेल तर दोहोंपैकीं कांहींच एकट्यानें घेऊं नये. हें मत कित्येकांस रुचणार नाहीं. तथापि ज्या वस्तूपायीं सात-बाराच्या उताऱ्यावर बोजा चढतो, तिच्याविषयीं गोड बोलण्यांत अर्थ नाहीं.

प्रथम गवत कापावेंच कां, हें पाहूं. आपल्याकडे बागेची प्रतिष्ठा ती किती स्वच्छ दिसते यावर ठरते. दोन ओळींमध्यें काडी दिसली कीं शेजारी नांवें ठेवतात, आणि त्या भीतीनें वर्षांतून पांच-सहा वेळां रोटाव्हेटर फिरविला जातो. रोटाव्हेटराचीं पातीं दर वेळीं एकाच खोलीवर आपटतात. त्या खोलीखालीं जमिनीचा थर घट्ट होत जातो व पाणी खालीं मुरत नाहीं. झाडाच्या अन्न शोषणाऱ्या बारीक मुळ्या वरच्या वितीभर मातींतच असतात, त्या दर फेरीला तुटतात. हरळी, लव्हाळा व कुंदा यांचें तर फावतेंच. त्यांच्या कांड्यांचे व गांठींचे तुकडे होऊन सर्व बागेंत पसरतात, आणि प्रत्येक तुकडा नवा कोंब धरतो. वळवाची पहिली जोराची सर आली कीं भुसभुशीत केलेली माती ओढ्याला लागते ती वेगळीच.

तणनाशकाचा मार्ग सोपा म्हणून पुष्कळांनीं धरला. परंतु केंद्र सरकारनें २०२२ च्या ऑक्टोबरांत ग्लायफोसेटचा वापर कीडनियंत्रणाचें काम करणाऱ्या परवानाधारकांपुरता मर्यादित करणारा आदेश काढला. शिवाय फवारा कोवळ्या फुटीवर उडाला तर काय होतें हें बागाईतदारांस सांगावयास नको. तेव्हां ओळींमधील गवत ठेवून तें वेळोवेळीं कापावें आणि कापलेलें तेथेंच कुजूं द्यावें, हा मार्ग उरतो व तोच आम्हांस पसंत आहे. त्यालाही मर्यादा आहेत. झाडाच्या आळ्यांत गवत नको. नव्या लागवडीच्या पहिल्या दोन वर्षांत तें अगदीं लांब राखावें, आणि उन्हाळ्यांत पाण्याची ओढ असेल तर अगदीं आंखूड ठेवावें. कापल्यानें हरळी मरत नाहीं, ती फक्त आवरली जाते. १९५५ च्या सुमारास पुण्याकडे प्रथम दिसलेलें आणि आतां देशभर पसरलेलें गाजरगवत मात्र फुलण्यापूर्वींच कापलें पाहिजे. फुलल्यावर कापणें म्हणजे बीं पेरणें होय.

आतां मोजमाप. दुकानांत जाण्यापूर्वीं फीत घेऊन बागेंत जावें. द्राक्षाच्या ओळींत बहुधा ९ ते १० फूट अंतर असतें, डाळिंबाची शिफारस ४.५ बाय ३ मीटरची, नागपुरी संत्र्याची ६ बाय ६ मीटरची. पण हें खोडांपासून खोडांचें अंतर झालें. ट्रॅक्टरला जावयाचें असतें तें फांद्यांच्या मधून. चार वर्षांच्या डाळिंबांत फळांनीं वांकलेल्या फांद्यांमुळें पंधरा फुटांच्या ओळींत पांच-सहा फूटच मोकळे रहातात. द्राक्षमांडवाखालीं तर उंचीही मोजावी. धुराडें उभें असेल तर तें पानें भाजीत जातें, म्हणून तें आडवें व खालीं असलेला ट्रॅक्टर पहावा. ओळीच्या टोकाशीं वळावयास जागा किती, पलीकडे बांध, विहीर किंवा कुंपण किती अंतरावर, ठिबकाच्या नळ्या जमिनीवर लोळतात कीं तारेस टांगल्या आहेत, हेंही लिहून ठेवावें. लोळती नळी यंत्रानें एकदां ओढली म्हणजे गवताच्या बचतींतून नळीचेंच बिल भागवावें लागतें.

यंत्राच्या तीन जाति आपल्याकडे मिळतात. पहिली स्लॅशर. उभ्या दांड्याच्या खालच्या टोकाशीं दोन आडवीं जाड पातीं फिरतात आणि गवत कापण्यापेक्षां झोडून तोडतात. रचना साधी, किंमत कमी, आणि वांकलेला पत्रा गांवचा वेल्डिंगवालाही सरळ करूं शकतो. दोष असा कीं गवताचे पुंजके रहातात, छाटणीच्या काड्यांचा भुगा होत नाहीं, आणि दगड लागला तर तो सुटतो. पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारें ७० मीटर, म्हणजे ताशीं अडीचशें किलोमीटर असतो. त्या वेगानें निघालेला खडा दोन ओळी पलीकडे काम करणाऱ्या माणसाचा डोळा घेऊन जातो. मागें-पुढें साखळ्यांचा पडदा नसलेला स्लॅशर फुकट मिळाला तरी घेऊं नये.

दुसरी जात मल्चर किंवा फ्लेल यंत्राची. यांत दांडा आडवा असतो आणि त्यावर लोंबतीं दुपाखी पातीं किंवा लहान हातोडे बसविलेले असतात. हें सर्व पत्र्याच्या टोपाखालीं फिरत असल्यानें दगड बहुतेक खालींच दबतो. गवताचा बारीक चुरा होऊन सारखा पसरतो. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी यांच्या काड्या ओळींतच चिरडतां येतात, हा द्राक्षवाल्यांस मोठा लाभ आहे. ज्या काड्या पूर्वीं बांधावर नेऊन पेटवीत, त्या जमिनीच्या पोटांत जातात. परंतु हें यंत्र जड, त्याला पट्टे व बेअरिंगें अधिक, आणि शक्तीही अधिक लागते. एक पातें तुटलें तर त्याच्या समोरचेंही बदलावें, नाहींतर दांडा थरथरून बेअरिंग जातें, ही लहानशी गोष्ट विकणारा क्वचित् सांगतो. डाळिंबवाल्यांनीं येथें विशेष सावध असावें. तेल्या रोग असलेल्या बागेंतील छाटणी मल्चरखालीं घालणें म्हणजे रोग आपल्या हातानें सर्व बागभर शिंपडणें होय. ती वेंचून बाहेर नेऊन जाळलीच पाहिजे.

तिसरें यंत्र कात्रीपट्टीचें. न्हाव्याच्या केस कापण्याच्या यंत्राप्रमाणें यांत दातेरी पट्टी उजवी-डावी सरकते. गवत अखंड, लांब, पेंढी बांधण्याजोगें पडतें, आणि शक्ति फार थोडी लागते. ज्याच्या दावणीला दुभतीं जनावरें आहेत आणि पडीक तुकड्यावर मारवेल किंवा पवना राखलेला आहे, त्यानें मल्चरच्या मोहांत न पडतां हेंच पहावें. मात्र दगडाळ जमिनींत त्याचे दात टिकत नाहींत.

चाऱ्याचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगितल्यावांचून रहावत नाहीं. अनेक गांवीं खुरपणीस येणाऱ्या बायका संध्याकाळीं जातांना बागेंतील गवताचा भारा घरच्या शेळीसाठीं नेतात. तो त्यांच्या मजुरीचा न लिहिलेला भाग असतो. मल्चर आला कीं खुरपणीचे दिवस कमी होतात आणि भाराही जातो. यंत्र घेऊं नये असें आम्ही म्हणत नाहीं. पण बांधालगतचे व कडेचे पट्टे विळ्यासाठीं राखून ठेवण्यांत मालकाचें कांहींच जात नाहीं. विरळणीच्या व घड बुडविण्याच्या दिवसांत याच बायकांची वाट आपणांस पहावी लागते, आणि त्या कोणाच्या बागेंत आधीं जातात हें केवळ मजुरीच्या दरावर ठरत नसतें.

आतां ट्रॅक्टर. इंजिनाची अश्वशक्ति आणि पीटीओवर मिळणारी अश्वशक्ति एक नव्हे. मधल्या गिअरांत कांहीं खर्च होऊन इंजिनाच्या शक्तीपैकीं साधारण ८५ टक्के मागच्या दांड्यावर पोंचते. स्लॅशरसाठीं ढोबळ नियम असा कीं कापण्याच्या रुंदीच्या प्रत्येक फुटास पीटीओवर सुमारें ५ अश्वशक्ति असावी. म्हणजे ४ फुटी स्लॅशरास २० आणि त्यासाठीं इंजिन २४ च्या आसपास. गवत गुडघ्याखालीं असतांना कापलें तर याच्या निम्म्यानेंही भागतें. पण आपले लोक तें कंबरेला लागल्यावरच यंत्र बाहेर काढतात, म्हणून नियम पाळलेला बरा. मल्चरसाठीं, विशेषतः काड्या चिरडावयाच्या असल्यास, याहून अधिक धरावें. महिंद्राचा युवराज २१५ हा १५ अश्वशक्तीचा एकसिलिंडरी ट्रॅक्टर आणि कुबोटाचा निओस्टार ए २११ एन हा २१ अश्वशक्तीचा, तीन सिलिंडरांचा व चारही चाकांना गति देणारा ट्रॅक्टर, हे दोन्ही ‘लहान’ याच नांवाखालीं मोडतात. पण पहिल्यामागें तीन फुटांहून रुंद यंत्र लावणें म्हणजे खोंडाला मोटेला जुंपणें होय. उलट केवळ ऐट म्हणून ३५-४० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर नऊ फुटी ओळींत घालणें हेंही शहाणपणाचें नाहीं. त्याच्या वजनानें चाकोरी दगडासारखी होते, आणि ज्या रोटाव्हेटराला आपण नांवें ठेविलीं त्याचेंच काम तो करतो. यंत्राची रुंदी मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडेहून थोडी अधिक असावी, नाहींतर चाकानें दाबलेलें गवत उभें रहातें.

विक्रेत्याच्या पत्रकापेक्षां मध्यप्रदेशांतील बुदनी येथील केंद्रीय संस्थेचे परीक्षण-अहवाल पहावे. ट्रॅक्टर परीक्षेस दिल्यावर पीटीओवर प्रत्यक्ष किती शक्ति मिळाली, त्यास डिझेल किती लागलें, वळण्यास जागा किती लागली, हें त्यांत छापलेलें असतें. दोन आंकड्यांकडे लक्ष द्यावें. एक, पीटीओचे मिनिटाला ५४० फेरे इंजिनाच्या किती फेऱ्यांवर मिळतात. तो आंकडा जितका कमी तितकें इंजिन शांतपणें काम करतें व डिझेल वांचतें. दुसरा, उचलण्याची क्षमता. ती जोडणीच्या टोकांपाशीं एक असते आणि त्यापासून ६१० मिलिमीटर मागें बरीच कमी भरते. मल्चराचें वजन मागेंच लोंबतें, म्हणून दुसरा आंकडा खरा धरावा. यंत्र उचललें कीं पुढचीं चाकें हलकीं होतात व सुकाणूं ऐकेनासें होतें. अशा वेळीं पुढें वजनें लावलींच पाहिजेत.

क्लच एकेरी कीं दुहेरी, हें विचारावयास बहुतेक जण विसरतात. एकेरी क्लचच्या ट्रॅक्टरांत क्लच दाबला तरी मागचीं जड पातीं आपल्या वेगानें फिरत रहातात आणि तो वेग उलटा गिअरांत येऊन ट्रॅक्टरला पुढें रेटतो. चालकानें क्लच दाबलेला, तरी ट्रॅक्टर थांबत नाहीं! ओळीच्या टोकाशीं विहीर असेल तर यापुढें काय होईल तें सांगावयास नको. पीटीओच्या दांड्यावर एकाच दिशेनें जोर देणारी जोडणी (तिला फ्रीव्हील म्हणतात) बसविली म्हणजे हा धोका टळतो, आणि तिची किंमत ट्रॅक्टरच्या मानानें नगण्य आहे. दुहेरी क्लच असेल तर उत्तमच.

पीटीओपासून यंत्रापर्यंत जाणारा शाफ्ट सेकंदाला नऊ फेरे घेतो. पंचाचा सोगा, लुगड्याचा पदर किंवा सदऱ्याची बाही त्यांत अडकली तर हात मागें घेण्यास वेळच मिळत नाहीं. शाफ्टवरील प्लॅस्टिकचें आवरण ‘अडचण होते’ म्हणून पहिल्याच हंगामांत काढून फेंकण्याची जी रीत आपल्याकडे पडली आहे, ती आम्हांस केवळ निष्काळजीपणाची वाटते. मडगार्डवर मुलांना बसविण्याची रीतही तशीच. कोंकणांतील उतारावरच्या कलमांच्या बागांविषयीं एवढेंच म्हणतों, कीं जांभ्या दगडाच्या उतारावर लहान ट्रॅक्टर उलटण्यास फार कारण लागत नाहीं. तेथें पाठीवरचें कापणी-यंत्रच बरें.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर काढला तेव्हां लोखंडानें जमीन नासेल म्हणून शेतकरी तो घेईनात. ती शंका चुकीची होती, पण तिच्यामागें निदान एक सवय होती: नवी वस्तु जमिनीचें काय करील, हें आधीं विचारण्याची. आज नवी वस्तु घरीं आल्यावर आपण विचारूं लागतों.

हिशेब तरी पहावा. ९ फुटी ओळींच्या एक एकर द्राक्षबागेंत ओळींची एकूण लांबी सुमारें १,४७५ मीटर भरते. ताशीं ३ किलोमीटर वेगानें एक फेरी अर्ध्या तासांत होते. वळणें धरून चाळीस मिनिटें. सहा एकर बाग आणि वर्षांतून पांच कापण्या धरल्या तर सर्व वर्षाचें काम वीस तासांचें! आतां केवळ उदाहरणादाखल समजा, कीं ट्रॅक्टर व यंत्र मिळून ६ लाख रुपये पडले आणि दहा वर्षांनीं त्यांचे २ लाख येतील. घसारा वर्षास ४०,००० झाला. दहा वर्षांच्या सरासरी ४ लाखांवर दहा टक्क्यांनीं व्याज ४०,०००. विमा, छप्पर व दुरुस्ती २०,००० धरा. डिझेल व चालक सोडून वर्षास एक लाख. वीस तासांनीं भागिलें तर तासास ५,००० रुपये पडले. हाच ट्रॅक्टर वर्षांतून ४०० तास चालला तर तासास २५०. म्हणजे गवतासाठीं ट्रॅक्टर घेणें हा शुद्ध तोटा आहे. द्राक्षांत ट्रॅक्टरचें पोट फवारणीच भरते. गवत हें तोंडीं लावणें. ज्याच्या बागेंत फवारणीचे, शेणखताच्या वाहतुकीचे व मळणीचे मिळून तीनशें-चारशें तास भरत नाहींत, त्यानें भाड्याचा ट्रॅक्टर बोलवावा.

अनुदानाची लालूच येथें फार घात करते. केंद्राच्या २०१४-१५ पासूनच्या कृषि यांत्रिकीकरण अभियानाखालीं यंत्रांस मदत मिळते व अर्ज महाडीबीटीवर करावा लागतो. पण पूर्वसंमतीचें पत्र हातीं येण्यापूर्वीं केलेली खरेदी त्यांत बसत नाहीं, हें कित्येकांस पैसे भरल्यावर कळतें. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरांवरील वस्तु-सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु स्वस्तांत मिळालेली वस्तु वीस तास चालवून उरलेलें वर्ष गोठ्यांत उभी ठेविली, तर अनुदान मिळूनही हप्ता आपल्यालाच भरावयाचा असतो. जवळच्या गांवीं सुटे भाग मिळतात काय, हेंही दरापेक्षां अधिक महत्त्वाचें. आमच्या एका सभासदाचा मल्चर साध्या पट्ट्यासाठीं ऐन श्रावणांत तीन आठवडे उभा राहिला, आणि तेवढ्यांत गाजरगवत फुलून गेलें.

आमची सूचना अशी. फवारणी सामाईक होऊं शकत नाहीं. पाऊस उघडला कीं सर्वांस एकाच सकाळीं फवारावयाचें असतें. गवत कापणें मात्र आठ दिवस थांबूं शकतें. म्हणून ट्रॅक्टर ज्याचा त्याचा असावा आणि मल्चर चार-पांच जणांत एक असावा. गटानें अवजार बँक काढल्यास तिलाही वरील अभियानांत मदतीची सोय आहे. पण सामाईक यंत्र घेण्यापूर्वीं पांचही ट्रॅक्टर पहावे. लहान ट्रॅक्टरांच्या खालच्या जोडणीची पिन २२ मिलिमीटरची असते, मोठ्यांची २८ मिलिमीटरची; पीटीओचा दांडा ३५ मिलिमीटर व्यासाचा, सहा खांचांचा आहे कीं दुसऱ्या मापाचा, हेंही तपासावें. शाफ्टची लांबी तर प्रत्येक ट्रॅक्टरला वेगळी लागते. लांब शाफ्ट यंत्र वर-खालीं होतांना पीटीओचें बेअरिंग फोडतो, आंखूड असला तर मध्येंच निसटतो. म्हणून यंत्र एक असलें तरी शाफ्ट ज्यानें त्यानें आपल्या मापाचा कापून ठेवावा. कापणीचा पहिला मान कोणाचा तें दर वर्षीं फिरतें ठेवावें, चाललेले तास वहींत लिहावे, आणि तासामागें ठरलेली रक्कम पात्यांसाठीं व पट्ट्यांसाठीं वेगळी काढावी. दगड लागून पातें तुटलें तर तें कोणाच्या बागेंत तुटलें याचा वाद होणारच. त्यासाठीं यंत्र हातीं घेतांना आणि परत देतांना दोघांनीं मिळून टोप उलटा करून पहावा, व वहींत दोघांच्या सह्या असाव्या.